गोकाकचा धबधबा : एक पाणी, दोन धंदे

पावसाळा लागला की इचलकरंजी, कोल्हापूर, मिरज, बेळगाव या भागांतून सुटीच्या दिवशी गाड्या भरून लोक गोकाकच्या धबधब्याकडे निघतात. सकाळी निघून रात्री घरी परतता येते, त्यामुळे बायका-मुलांसह जाणारे पुष्कळ. लोक पाणी पाहतात, फोटो काढतात, करदंटाचे डबे घेतात आणि परततात. व्यापारी माणसाने मात्र हे ठिकाण आणखी एका नजरेने पाहावे. येथे एकाच पाण्यावर दोन धंदे उभे राहिले. एक सूतगिरणीचा, दुसरा पर्यटकांचा. दोघांचा हिशेब अगदी निराळा आहे आणि तो समजून घेतला तर आपल्या तरुणांना फायदा होईल.

रस्ता आणि मोसम

मोटारीने जाणाऱ्यांना निपाणी, संकेश्वर, हुक्केरी, घटप्रभा हा मार्ग सोयीचा. रेल्वेने जायचे तर मिरज-बेळगाव लाईनवर घटप्रभा व गोकाक रोड ही स्टेशने आहेत. धबधबा गोकाक शहरापासून सुमारे ६ किलोमीटरवर आहे. सह्याद्रीत उगम पावलेली घटप्रभा नदी येथे घोड्याच्या नालेसारख्या कड्यावरून सुमारे ५२ मीटर, म्हणजे १७१ फूट खाली पडते. खरा जोर जुलै ते ऑक्टोबर या काळात असतो. वरच्या बाजूला हिडकलचे धरण आहे. म्हणून धबधब्याचे पाणी केवळ पावसावर नव्हे, तर धरणातून किती पाणी सोडले यावरही ठरते. उन्हाळ्यात गेलात तर बहुतेक उघडा खडकच दिसेल. कड्याजवळचे दगड निसरडे असतात. मुलांचा हात सोडू नये.

पाण्यावरची गिरणी

गिरणी नेमकी या आडजागी का आली, असा प्रश्न पाहणाऱ्याला पडतो. उत्तर सोपे आहे. त्या काळी गिरणी चालवायची तर वाफ पाहिजे आणि वाफेसाठी कोळसा पाहिजे. या मुलखात कोळसा नाही. कापूस मात्र धारवाड, बैलहोंगल, हुबळी या काळ्या मातीच्या पट्ट्यात भरपूर. १८८० च्या दशकात रेल्वेही आली. मग कोळशाऐवजी पडत्या पाण्याची शक्ती घ्यावी, असा विचार होऊन १८८५ साली गोकाकच्या कंपनीची स्थापना झाली आणि त्याच दशकात पाण्याच्या बळावर गिरणी सुरू झाली.

हिशेब असा मांडता येईल. सेकंदाला एक घनमीटर, म्हणजे हजार लिटर पाणी ५२ मीटर खाली आणले तर सुमारे ५१० किलोवॅट शक्ती मिळते. यंत्रातील घट वजा जाता ४०० च्या आसपास हाती राहील. पाणी दुप्पट झाले की शक्ती दुप्पट. परंतु उन्हाळ्यात नदी आटली तर चाके थांबणार. वरच्या अंगाला धुपदाळ येथील बंधाऱ्यामुळे पाणी साठवण्याची सोय झाली. नदीवरचा सुमारे २०० मीटर लांबीचा झुलता पूल त्या जुन्या वैभवाची खूण आहे. गिरणीची गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी ही की, तिने अडवलेल्या पाण्याच्या आधाराने चार महिन्यांपलीकडेही रोजी निर्माण केली.

चार महिन्यांचा बाजार

पर्यटकांच्या धंद्याला असा बंधारा नाही. गिऱ्हाईक मोसमात येते, तेही शनिवार-रविवारी जास्त. समजा, एखाद्याने वर्षाच्या भाड्याने गाळा घेतला आणि धंदा चारच महिने झाला, तर मोसमाच्या प्रत्येक महिन्यावर तीन महिन्यांचे भाडे चढते. गर्दी पाहून भुलणारा तरुण हा हिशेब करीत नाही.

यातून वाट काढलेला माल म्हणजे करदंट. तुपात तळलेला डिंक, खोबरे, खारीक, काजू, बदाम आणि गूळ यांची ही मिठाई. नाव कानडी आहे, अर्थ तळलेला डिंक. बागलकोट जिल्ह्यातील अमीनगड आणि हे गोकाक, या दोन गावांचे करदंट प्रसिद्ध. पाण्याचा अंश कमी असल्याने ते टिकते, दूर जाते, बाळंतिणीसाठी व थंडीतही खपते. म्हणजे धबधबा आटला तरी विक्री चालू राहते. याउलट गोकाकची रंगीत लाकडी खेळणी व फळे पाहा. हलक्या लाकडाचे डाळिंब वा सीताफळ खरे वाटावे अशी कारागिरी, पण स्वस्त प्लास्टिकच्या खेळण्यांपुढे तिचा टिकाव लागणे कठीण झाले. मोसमी गावात टिकाऊ, हलका आणि घरी नेण्याजोगा मालच तरतो, हा यातला धडा.

कापडवाल्यांसाठीही जागा आहे. तुषारांत भिजलेल्या मुलांना कोरडे कपडे लागतात. सोलापूरचा टॉवेल, मुलांची हाफपँट, साधा सुती रुमाल हा माल नासत नाही. उरला तर पुढच्या बाजारी विकता येतो. भजी व कणसे यांचे तसे नाही.

भांडवल आणि धोका

२०१९ च्या ऑगस्टमध्ये घटप्रभेला महापूर आला. लोळसूरचा पूल पाण्याखाली गेला, गोकाक शहराच्या सखल वस्तीत घरे व दुकाने बुडाली. जे पाणी गिऱ्हाईक आणते तेच गोदामात शिरू शकते. म्हणून माल उंचावर ठेवावा, थोडाथोडा भरावा आणि आपल्याला योग्य वाटेल त्या पद्धतीने नुकसानीची तजवीज आधीच करावी.

सर्वांत मोठा धोका व्याजाच्या पैशाचा. मोसम फसला तरी व्याज थांबत नाही आणि चार महिन्यांच्या धंद्यासाठी काढलेले कर्ज माणसाला वर्षानुवर्षे पुरते. आपल्याकडे यावर मुजारबतचा जुना, जायज मार्ग आहे. एकाचे भांडवल, दुसऱ्याची मेहनत. नफा आधी ठरलेल्या हिश्श्याने वाटायचा. मेहनत करणाऱ्याची हयगय नसेल तर भांडवलाचे नुकसान पैसेवाल्याने सोसायचे, दुसऱ्याची मेहनत वाया जाते. करार मात्र दोन साक्षीदारांसमोर लेखी करावा आणि हिशेबाची वही रोज भरावी. इचलकरंजी-भिवंडीत यंत्रमागाला मंदी आली की कितीतरी होतकरू मुले रिकामी बसतात. बिरादरीतील चार खातेपित्या लोकांनी अशा एकेका मुलाला एका मोसमापुरते भांडवल दिले, तर सावकाराच्या दारी जाण्याची पाळी येणार नाही.

शेवटी एकच गोष्ट. परगावचे गिऱ्हाईक पुन्हा येणार नाही असे समजून वजनात व भावात हात मारणारे सर्वच पर्यटनस्थळी असतात. पण करदंटाचा डबा घरी उघडला जातो, शेजारी चाखतात, आणि दुकानाचे नाव डब्यावर छापलेले असते. पुरे माप देण्यातच बरकत आहे आणि पुढच्या वर्षीचे गिऱ्हाईकही.