लकव्याचं कारण सापडलं का?

कुणाच्या अंगावरून वारं गेलं की आपल्या वस्तीत पहिला प्रश्न येतो, ‘बीपी होतं का?’ प्रश्न बरोबर आहे. मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने बंद पडते त्यामागे बहुतेक वेळा बीपी, साखर, तंबाखू किंवा हृदयाचे अनियमित ठोके असतात. पण सगळ्या तपासण्या होऊनही काहींचं कारण हाती लागत नाही. अशांपैकी थोड्यांच्या शरीरात कॅन्सर लपलेला असतो, आणि लकवा हीच त्याची पहिली खूण ठरते.

इथे कॅन्सर मेंदूत पोचलेला असतोच असं नाही. फुफ्फुस, स्वादुपिंड, जठर, आतडं अशा ठिकाणचा कॅन्सर रक्ताची गोठण्याची ओढ वाढवतो. कधी हृदयाच्या झडपांवर बारीक गुठळ्या साचतात आणि तिथून सुटून मेंदूकडे जातात. कॅन्सर आणि शिरांतल्या गुठळ्या यांचा संबंध पॅरिसचे डॉक्टर आर्मां त्रूसो यांनी १८६५ साली मांडला होता. पुढे त्यांच्या स्वतःच्या शिरेत गुठळी झाली, तेव्हा आपल्याला काय झालंय हे त्यांनी ओळखलं. १८६७ मध्ये ते गेले.

एमआरआयमध्ये काय दिसतं? मानेतली एका बाजूची रक्तवाहिनी तुंबली असेल तर इजा सहसा त्याच बाजूला असते. कॅन्सरमुळे झालेल्या लकव्यात मात्र ताजे डाग अनेकदा विखुरलेले असतात: उजवीकडे, डावीकडे आणि मागे लहान मेंदूतही. रिपोर्टवर ‘मल्टिपल’, ‘बायलॅटरल’ असे शब्द असतील तर डॉक्टरांना त्यांचा अर्थ विचारा. असे डाग हृदयाच्या आजारातही दिसतात, म्हणून आधी ईसीजी आणि इको. तिथे काही मिळालं नाही, रक्तातलं डी-डायमर खूप वाढलेलं आहे, हिमोग्लोबिन कमी आहे, वजन उतरलंय, असं असेल तर छाती-पोटाच्या सीटीचा विचार डॉक्टर करतात. लकवा झालेल्या प्रत्येकाला ही तपासणी लागत नाही. लॅबवाल्यांच्या पॅकेजच्या नादी लागू नका.

आम्ही नर्सिंगवाल्यांना एक गोष्ट ठाऊक आहे. निम्मी माहिती घरच्यांकडेच राहते. ‘लकव्याने वाळला’ असं म्हणतात, पण कपडे दोन महिने आधीपासूनच सैल होत होते. काळी शौच, खोकल्यातलं रक्त सांगायचं राहून जातं. छातीतली गाठ, पाळी गेल्यानंतरचा रक्तस्राव बाया लाजेने सांगत नाहीत. बायांनो, लाजू नका, सांगा. कॅन्सर सापडला तर रक्त पातळ करणारं औषध कोणतं द्यायचं हेही बदलू शकतं, म्हणून मनाने गोळी सुरू किंवा बंद करू नका.

तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलणं अडखळलं तर गंडेदोऱ्यात वेळ घालवू नका. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. एमआरआयच्या फिल्म जपून ठेवा. कॅन्सरचं निदान झालंच तर रेशनकार्ड आणि आधार घेऊन महात्मा फुले जनआरोग्य योजनेच्या रुग्णालयात जा आणि तिथल्या आरोग्यमित्राला गाठा.