ब्रेसला तडा गेला तर
गिटारच्या पोटात : लेखांक ६

ब्रिजच्या मागे टॉप फुगतो आणि तारा फ्रेटपासून उंच जातात, हे मागच्या आठवड्यात पाहिलं. ब्रिज नीट चिकटलेला असूनही असं होत असेल, तर कारण आत शोधायचं. टॉपच्या आतल्या बाजूला चिकटवलेल्या लाकडी पट्ट्या, म्हणजे ब्रेस, तिथे कुठेतरी सुटलेल्या किंवा चिरलेल्या असतात.

‘बारा’ या जाडीच्या संचातल्या सहा स्टीलच्या तारा सुरात लावल्या की त्यांची एकत्रित ओढ सत्तर किलोच्या वर जाते. ती सोसणारी स्प्रूसची फळी जेमतेम तीन मिलिमीटर जाडीची. त्या फळीला ताठ ठेवायचं आणि तरी थरथरू द्यायचं, हे ब्रेसचं काम. स्टीलच्या तारांच्या गिटारीत मुख्य दोन ब्रेस साउंडहोल आणि ब्रिज यांच्या मधे एकमेकींना फुलीसारख्या छेदतात. ही रचना १८४०च्या दशकात अमेरिकेत मार्टिनच्या गिटारींमध्ये दिसू लागली. गंमत म्हणजे तेव्हा त्या गिटारींना आतड्याच्या तारा होत्या. स्टीलच्या तारा सर्रास व्हायला १९२०चं दशक उजाडलं, आणि ती फुली जणू त्यांच्यासाठीच केली होती असं वाटावं इतकी चपखल बसली.

तडा बहुतेक वेळा आधी ऐकू येतो. ठरावीक एखाद्या सुरावर खर्रखर्र, बाकी सगळं स्वच्छ. तारा सैल करा, गिटार मांडीवर आडवी घ्या आणि बोटाच्या पेराने टॉपवर हलकेच टकटक करत सरका. एका जागी आवाज पोकळ, फटफटीत झाला की तिथे खूण करा. मग तारा काढून साउंडहोलमधून छोटा दिवा आणि दाढी करायचा आरसा आत घाला. मोबाइल आत धरून व्हिडिओ काढला तरी चालतो. मला तर तो आरशापेक्षा सोयीचा वाटतो. शंका आली तिथे कागदाची पट्टी सरकवून पाहा. ब्रेस आणि टॉप यांच्यामध्ये कागद शिरला, तर ब्रेस सुटली आहे. कागद शिरत नाही पण ब्रेसच्या अंगावर रेष आहे, तर तडा. रेष लाकडाच्या रेषांबरोबर धावत असेल तर काम सोपं. आडवी तोडून गेली असेल, तर नुसत्या चिकटवण्याने भागत नाही. दोन्ही बाजूंनी स्प्रूसच्या पातळ फळ्या जोडाव्या लागतात. फुलीच्या सांध्यावर विशेष लक्ष द्या. तिथे दोन्ही ब्रेस निम्म्या कोरून एकमेकींत बसवलेल्या असतात. जिची खाच पोटाच्या बाजूला उघडी राहते ती तिथे कमजोर, म्हणून त्यावर कापडाची किंवा लाकडाची टोपी चिकटवतात. ती टोपी सुटलेली असेल तर तीही पुन्हा बसवायची.

आता सरसाकडे वळण्याआधी थांबा. साउंडहोल जेमतेम चार इंचांचं. हात कोपरापर्यंत आत गेला की डोळ्यांना काही दिसत नाही. जे करायचं ते चाचपूनच. म्हणून सगळं आधी कोरडं करून पाहायचं. क्लॅम्प कुठे बसतो, फिरकी कुठल्या बोटांनी फिरते, टॉपवर वळ उमटू नये म्हणून बाहेरून ठेवलेला लाकडी ठोकळा घसरत नाही ना. तडा टोकाकडे, क्लॅम्प पोचत नाही अशा जागी असेल तर बोल्ट आणि नटचा छोटा जॅक करतात. तो पाठीच्या फळीवर टेकवून ब्रेसला वर रेटायचा, पण पाठीच्या ब्रेसवर टेकू घेऊन. नुसत्या फळीवर जोर दिला तर एक तडा बुजवताना दुसरा तयार होईल.

जोडायला प्राण्यांच्या कातडीचा गरम सरस किंवा लाकूडकामाचा पिवळा गोंद. साधा पांढरा गोंद सतत ताणाखाली आणि उन्हाळ्यात हळूहळू सरकतो, म्हणून तो इथे नको. सुपरग्लूचा मोह तर टाळाच. पुढच्या दुरुस्तीवाल्याला तो खरवडून काढताना लाकूडही खरवडावं लागतं. तड्यात आधी धूळ राहू देऊ नका. पातळ पात्याने फट किंचित उघडा, गोंद आत सारा, आणि बाहेरून टॉप अंगठ्याने दाबा-सोडा. त्या हालचालीने गोंद खोलवर ओढला जातो. दोन्ही कडांनी त्याचे बारीक मणी फुटले की पुरे. मग क्लॅम्प, आणि वाहिलेला गोंद ओल्या फडक्याने लगेच पुसायचा. क्लॅम्प आवळतानाही जोर बेताचाच. पिळून काढला तर सांध्यात गोंदच उरत नाही.

पूर्ण एक दिवस तारा लावायच्या नाहीत. त्यानंतर त्या एक-दोन सूर खाली लावून रात्रभर ठेवा, आणि सकाळी पुन्हा टकटक करून पाहा.

एवढं होऊन तडा परत आला, तर दोष गोंदाचा नसेलही. कोकणातल्या पावसाळ्यात फुगलेली गिटार मे महिन्यात नागपूरला नेली, की लाकूड आकसतं आणि सांधे ओढले जातात. उन्हात उभ्या बंद गाडीत ठेवली तर गोंदच मऊ पडतो. पेटीत आर्द्रतामापक ठेवा; काटा ४५ ते ५५ टक्क्यांच्या दरम्यान असावा. तो कसा राखायचा, ते पुढच्या लेखांकात.