संज्ञापनाची पदवी घ्यायचीय? नाशकात या!

नाशकातल्या पांडवलेण्यांतल्या दहा नंबरच्या लेण्यात एका ठेवीची नोंद कोरलेली आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे, मिळून ३,००० कार्षापणं (तेव्हाची नाणी) ठेवली. २,००० वर महिना शेकडा एक व्याज, उरलेल्या १,००० वर पाऊण. त्या व्याजातून भिक्षूंचा खर्च भागायचा, चीवरं मिळायची. पण खरी गंमत पुढे आहे. हा सगळा व्यवहार निगमसभेत जाहीर केला आणि फलकावर नोंदवला, असंही तिथेच कोरलंय. म्हणजे एकच मजकूर तोंडी सांगितला, फलकावर लिहिला आणि वर दगडातही खोदला. काळ सुमारे १,९०० वर्षांपूर्वीचा!

कोण सांगतंय, काय सांगतंय, कशातून, कोणाला आणि परिणाम काय? हॅरल्ड लासवेल या अमेरिकन अभ्यासकाने १९४८ साली मांडलेले हे पाच प्रश्न संज्ञापनाच्या पदवीत अगदी सुरुवातीला भेटतात. उषवदाताच्या लेखाला ते लावून बघा, पाचही उत्तरं मिळतात.

अभ्यासक ते जुनं गोवर्धन आजच्या गंगापूर धरणाजवळच्या गोवर्धन गावाशी जोडतात. आणि त्याच गोवर्धनात आज यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ उभं आहे. स्थापना १९८९, पहिले कुलगुरू राम ताकवले, ब्रीद ‘ज्ञानगंगा घरोघरी’. इथे वृत्तपत्रविद्या आणि जनसंज्ञापन शिकता येतं. पण मला तर हे विद्यापीठच संज्ञापनाचा मोठा प्रयोग वाटतं. विद्यार्थी दूर गावात, नोकरी किंवा शेती सांभाळून रात्री पुस्तक उघडणारा. समोर फळा नाही, सर नाहीत. मग पुस्तकानेच सरांसारखं बोलायचं, मध्येच प्रश्न विचारायचा, थांबवून उत्तर तपासायला लावायचं. असं पुस्तक लिहिणं हे भाषण ठोकण्यापेक्षा कितीतरी अवघड काम आहे.

शहरात एचपीटी कॉलेज आहेच. १९२४ सालचं. कुसुमाग्रज इथले विद्यार्थी, वसंत कानेटकर इथले प्राध्यापक. कॉलेजात पत्रकारितेचा विभागही आहे. कुसुमाग्रजांनी स्वतः अनेक वर्षं वर्तमानपत्रांत आणि साप्ताहिकांत काम केलं, १९३४ च्या ‘सती सुलोचना’ चित्रपटात भूमिकाही केली. एकाच माणसात कविता, नाटक, बातमी आणि पडदा!

आता एक परीक्षेत हमखास फसवणारा आकडा. संवादात शब्दांचा वाटा फक्त ७ टक्के, आवाजाचा ३८ आणि चेहऱ्याचा ५५, असं व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिरांत ठासून सांगतात. हे आकडे ज्यांतून आले, ते मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांचे १९६७ चे प्रयोग सुटे शब्द, आवाजाची धाटणी आणि चेहऱ्यांचे फोटो यांपुरते होते. बोलणाऱ्याला समोरचा आवडतो की नाही, एवढंच त्यातून ओळखायचं होतं. कांद्याचा भाव फोनवर सांगताना चेहरा दिसत नाही, तरी भाव शंभर टक्के कळतो.

भावावरून लासलगावचा कांदाबाजार आठवला. महाराष्ट्रातल्या अशा बाजारांत पूर्वी ‘हत्ता’ पद्धत चालायची. रुमालाखाली हातात हात घ्यायचा, बोटं दाबून भाव सांगायचा, आणि ज्याचा माल त्या शेतकऱ्याला काहीच कळायचं नाही. उघड लिलाव आला तेव्हा बोली सगळ्यांच्या कानावर पडू लागली. माहिती कोणाकडे आणि कोणापासून लपवलेली, यावर पैसा कसा फिरतो हे शिकायला याहून चांगला धडा मला माहीत नाही.

आणि चित्रपटवाले दादासाहेब फाळके! जन्म १८७० चा, त्र्यंबकेश्वरचा. चित्रपटासाठी भांडवल हवं होतं, पण चित्रपट हे प्रकरण काय असतं हे सावकाराला सांगणार कसं? त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, दिवसाकाठी थोडं थोडं चित्रण केलं आणि पडद्यावर रोप डोळ्यांदेखत वाढताना दाखवलं. पैसे उभे राहिले. १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ लागला आणि त्याच वर्षी दादासाहेबांनी कंपनी नाशकात आणली. चित्रपट मुका, त्यामुळे मजकुराच्या पाट्या हिंदी आणि इंग्रजीत. बाकी सगळं आंगिक अभिनयावर. १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये तर अण्णा साळुंके यांनी राम आणि सीता, दोन्ही भूमिका केल्या. आवाज नाही, नट एकच. चालणं, मान, डोळे यांवरच प्रेक्षकाने दोघांना वेगळं ओळखायचं.

हीच ऊर्मी पुढे मालेगावात दिसते. यंत्रमागांच्या या गावात नासिर शेख यांनी ‘मालेगाव के शोले’ काढला, आपल्या गावाच्या भाषेत आणि आपल्या गावच्या माणसांना घेऊन. त्या चित्रपटवेड्यांवर आधी माहितीपट झाला, मग २०२४ मध्ये मोठा हिंदी चित्रपट.

पडद्यासारखीच छपाईही इथली. नाशिक रोडच्या सिक्युरिटी प्रेसचं काम १९२५ च्या सुमारास सुरू झालं. त्याआधी आपली टपाल तिकिटं लंडनहून छापून यायची. स्वतंत्र भारताचं पहिलं तिकीट, तिरंगा आणि ‘जय हिंद’वालं, २१ नोव्हेंबर १९४७ ला निघालं, ते इथेच छापलेलं.

रामकुंडावरच्या तीर्थोपाध्यांच्या वह्याही बघाच. गाव आणि आडनाव सांगा, पणजोबा कधी आले होते ते निघतं. कित्येकदा त्यांच्याच अक्षरात.

पदवीच्या शेवटच्या वर्षी प्रकल्प करावा लागतो. माझा आग्रह आहे, विषय पुण्या-मुंबईकडून उसना आणू नका. बागलाण, कळवण, मालेगाव पट्ट्यात अहिराणी बोलतात, सुरगाणा-पेठकडे कोकणा. पावसाचा इशारा, लसीकरणाची तारीख, पीकविम्याची मुदत हे सगळं तिथे प्रमाण मराठीत पोचतं आणि अर्धं वाटेतच राहतं. एक इशारा घ्या, अहिराणीत एका मिनिटाचा करा, दहा घरांत ऐकवा आणि दुसऱ्या दिवशी जाऊन विचारा: काय लक्षात राहिलं?