गंधकाच्या खाणीचे उत्तरायुष्य
टेक्सासमधील शुगर लँडच्या नैऋत्येला, व्हार्टन काउंटीत, बोलिंगचा मीठघुमट, म्हणजे भूगर्भातून वर रेटला गेलेला मिठाचा प्रचंड स्तंभ, असून त्याच्या माथ्यावरील खडकात गंधकाचा विपुल साठा होता. १९२९ मध्ये टेक्सास गल्फ सल्फर कंपनीने तेथे फ्राश पद्धतीने उत्पादन सुरू केले. या पद्धतीत दाबाखालील अतितप्त पाणी विहिरीतून खाली सोडले जाते आणि सुमारे ११५ अंश सेल्सिअसला वितळणारे गंधक द्रवरूपात वर आणले जाते. बोगदे नसल्याने ही पद्धत निरुपद्रवी भासते खरी, परंतु गंधक निघून गेलेला खडक पोकळ होऊन वरची जमीन खचू शकते. पुढे तेलशुद्धीकरणातून उपउत्पादन म्हणून गंधक स्वस्तात मिळू लागले, १९९३ मध्ये खाण बंद पडली आणि कंपनीने वसवलेले न्यूगल्फ ओस पडले. खाणीचा अंत खनिज संपण्याआधी बाजारही घडवतो. म्हणूनच बंद करण्याची योजना व तिचा खर्च आरंभीच ठरवणे शहाणपणाचे. भारतात २००३ पासून खाणबंदी आराखडा व आर्थिक हमी बंधनकारक आहे, तर गोव्यातील लोहखनिजाच्या विक्रीतील दहा टक्के रक्कम भावी पिढ्यांसाठी कायम निधीत ठेवण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये दिला.