सवलत कुणाच्या खिशातून?

सांगोल्याचा रविवारचा जनावरांचा बाजार ज्यांनी पाहिला आहे, त्यांना रुमालाखालचा सौदा समजावून सांगायला नको. घेणारा आणि विकणारा रुमालाआड एकमेकांची बोटे दाबतात. भोवतालच्यांना भाव कळत नाही. सरकारी सवलतींचेही पुष्कळदा असेच होते. सवलत मिळाली एवढे सर्वांना दिसते; तिची किंमत कुणी मोजली, ते रुमालाखालीच राहते.

हे सुचण्याचे कारण माझा भाचा. नोकरीनिमित्त तो नोएडाला असतो. दिवाळीला घरी आला, तेव्हा मी नवी मोटार घेण्याच्या विचारात होतो. हायब्रिड घ्यावी असे मनाने घेतले होते. या मोटारीत पेट्रोलचे इंजिन असते आणि जोडीला विजेची मोटरही. ब्रेक दाबताना एरवी वाया जाणारी शक्ती बॅटरीत साठते आणि पुढे गाडी ओढायला कामी येते. म्हणून पेट्रोल कमी लागते.

"मामा, आमच्याकडे नोंदणीचा कर माफच झाला," भाचा म्हणाला. "माझे 1 लाख 70 हजार वाचले. तुमचे सरकार तुम्हाला काय देते?"

गोष्ट खरी होती. उत्तर प्रदेशाने जुलै 2024 मध्ये अशा मोटारींचा कर माफ केला होता. आपल्याकडे माफी आहे ती नुसत्या विजेवर चालणाऱ्या गाड्यांना. 10 ते 20 लाखांच्या पेट्रोल मोटारीवर वैयक्तिक मालकाला एकरकमी 12 टक्के कर पडतो, आणि हायब्रिडही त्यातच धरली जाते. 17 लाखांच्या मोटारीवर हे झाले 2 लाख 4 हजार.

"पेट्रोल वाचते, परकीय चलन वाचते, मग सवलत आपोआप फिटतेच की!" भाच्याने निकाल दिला. मुद्दा पटण्याजोगा होता आणि माझ्या फायद्याचाही होता. म्हणूनच मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. स्वतःच्या फायद्याची गोष्ट दोनदा मोजावी, असे थोरली माणसे सांगत.

वर्षाला 15 हजार किलोमीटर फिरणे धरले. साधी मोटार लिटरला 15 किलोमीटर जाते, हायब्रिड 22 जाते, असे मानले. वर्षाला सुमारे 318 लिटर वाचतात. दहा वर्षांत 3,180. लिटरला शंभर रुपये धरले तरी माझे 3 लाखांहून अधिक वाचले. उत्तम!

पण सरकारचे काय? मुंबई-ठाण्याच्या पट्ट्याबाहेर पेट्रोलवर 25 टक्के मूल्यवर्धित कर आणि वर लिटरमागे 5 रुपये 12 पैसे, असे राज्याला लिटरमागे साधारण 25 रुपये मिळतात. मी न जाळलेल्या पेट्रोलवर तेही बुडाले. म्हणजे आधी 2 लाख सोडायचे आणि मागाहून आणखी 80 हजारांवर पाणी सोडायचे! हायब्रिड महाग असते, म्हणून तिच्यावर वस्तू-सेवा कर जास्त मिळतो, हे कबूल. पण राज्याचा त्यातला अर्धा वाटा जमेस धरला तरी खड्डा भरत नाही.

परकीय चलन वाचते, हे खोटे नाही. देशाला लागणाऱ्या खनिज तेलापैकी 85 टक्क्यांहून अधिक बाहेरून येते. धूरही कमी होतो: लिटरभर पेट्रोल जळले की सुमारे 2.3 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. माझ्या मोटारीने दहा वर्षांत सात टन वाचेल. प्रश्न एवढाच, की हे सारे सवलतीमुळे घडले काय?

म्हणून मी भाच्याला विचारले, "तू मोटारीचे पैसे कधी भरलेस रे?"

"मे महिन्यात."

"आणि माफी?"

"जुलैत," तो म्हणाला, आणि स्वतःच हसला.

सगळी मेख इथे आहे. जो तशीही हायब्रिड घेणारच होता, त्याला दिलेले पैसे निव्वळ बक्षीस. कॅनडातील प्रांतांनी अशाच सवलती दिल्या होत्या. त्यांचा अभ्यास 2010 साली प्रसिद्ध झाला. सवलतीच्या काळात खपलेल्या हायब्रिडांपैकी फक्त 26 टक्के सवलतीमुळे खपल्या, असा त्याचा अंदाज. म्हणजे चौघांना द्यावे तेव्हा एकाचे मन वळते. तोच हिशेब इथे लावला, तर मन वळलेल्या एका मोटारीमागे 8 लाखांचा कर सोडावा लागेल!

सवलत फिटतच नाही, असे मात्र नव्हे. सांगोल्याइतके ते कुणाला ठाऊक असणार? रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना 1990 मध्ये आली. त्या हमीसाठी 1975 पासून पगारदारांकडून व्यवसाय कर घेतला जात होता. शहरातल्या नोकरदाराचा पैसा असा माळरानावरच्या डाळिंबापर्यंत पोहोचला. रोपे लावून फळाची दोन-तीन वर्षे वाट पाहणे लहान शेतकऱ्याला आपल्या बळावर झेपणारे नव्हते. तिथे सवलतीने खरोखर एक झाड जास्त लागले. पुढे तेल्या रोगाने बागांचे हाल केले, ती गोष्ट निराळी.

मोटारीच्या करमाफीत पैसा उलट वाहतो. मोटार जितकी महाग, तितकी माफी मोठी. दिवसाला दोनशे किलोमीटर डाळिंबाचे क्रेट वाहणारा टेम्पो कितीतरी अधिक इंधन जाळतो; एस. टी. तर त्याहूनही अधिक. सवलत द्यायचीच, तर मोटारीच्या किमतीवर न देता वाचणाऱ्या लिटरवर द्यावी. मग पहिला नंबर त्यांचा लागेल, माझा नव्हे.

मी हायब्रिड घेणार आहे. पेट्रोलची बचत मला पुरेशी आहे. उद्या माफी जाहीर झालीच, तर ती नाकारण्याइतका मी संत नाही. पण ती फिटते, असे मात्र आता माझ्या तोंडून निघणार नाही. रुमालाखाली कुणाची बोटे दाबली जातात, ते मी पाहिले आहे.