पन्ह्याचा पेला आणि सनईचा विसावा

आपल्या बिदर-कलबुर्गी भागात उन्हाळा म्हणजे लग्नसराई, आणि आम्हा बालरोगतज्ज्ञांसाठी जुलाब-वांत्यांचा हंगाम. या दोहोंचा संबंध मी अनेक वर्षे पाहत आलो आहे.

समारंभात पेय आणि वाद्य यांची सांगड जगभर आढळते. मेक्सिकोत लग्नप्रसंगी मारियाची वादकांचे ताफे गातात. या कलेला २०११ साली युनेस्कोच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान मिळाले. तेथील आवडती पेये म्हणजे लाल अंबाडीच्या बोंडांचे आणि चिंचेचे गोड पाणी. ही अंबाडी आपल्या पुंडीच्या भाजीच्याच कुळातली, आणि चिंच तर आपल्या बांधाबांधावरची!

आपली परंपराही तितकीच समृद्ध आहे. युगादीला नव्या मातीच्या घटात चिंच, गूळ, कैरी आणि कडुलिंबाची फुले घालून केलेले 'बेवू', चैत्रगौरीचे पन्हे, रामनवमीचे पानक, मोहरमचे सरबत, पंगतीतला मठ्ठा आणि शेतावरची ज्वारीची आंबील. पूर्वी लग्नात सनईवादक दम घेण्यासाठी थांबे. हलगीवाले हलगी शेकण्यासाठी थांबत. त्या विसाव्यात पन्ह्याचे पेले फिरत आणि आजीचे लक्ष लेकरांकडे जाई. आजच्या ध्वनिक्षेपकांच्या भिंतीला दमच लागत नाही. त्यामुळे विसावाही उरला नाही.

काही वर्षांपूर्वी एका वरातीनंतर मध्यरात्री चार वर्षांचा मुलगा माझ्याकडे आणला गेला. डोळे खोल गेलेले, त्वचेची चिमटी सावकाश सुटत होती. दुपारपासून जुलाब सुरू होते. पण त्या गदारोळात त्याचे रडणे कोणाला ऐकूच आले नाही. तहान लागली म्हणून त्याला बर्फाचे रंगीत सरबत पुनःपुन्हा पाजले गेले होते. शिरेतून सलाइन दिल्यावर सकाळी तो हसला. परंतु आणखी उशीर झाला असता तर काय, हा प्रश्न मला आजही सतावतो.

येथे एक गोष्ट स्पष्ट करतो. पन्हे वा सरबत म्हणजे ओआरएस नव्हे. आजच्या ओआरएसची परासारकता लिटरला २४५ मिलिऑस्मोल असते. सोडियम आणि ग्लुकोज प्रत्येकी ७५ मिलिमोल. या समप्रमाणामुळेच आतडे पाणी शोषून घेते. १९७१ च्या बांगलादेश युद्धकाळात डॉ. दिलीप महालनबीस यांनी बनगावच्या निर्वासित छावणीत याच तत्त्वाने असंख्य प्राण वाचवले. सरबतात साखर भरमसाट आणि मीठ नगण्य; अशी दाट साखर उलट पाणी आतड्यात ओढते आणि जुलाब वाढवते. निरोगी मुलाला पन्हे, मठ्ठा खुशाल द्यावा. पाणी मात्र उकळलेले असावे आणि पोत्यातून आलेला बर्फ नको. सहा महिन्यांखालील बाळास आईच्या दुधाखेरीज काहीच देऊ नये.

दुसरा विषय कानांचा. जागतिक आरोग्य संघटनेनुसार प्रौढांसाठी ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास सुरक्षित. ९० ला केवळ ४ तास, तर १०० ला सुमारे २० मिनिटे. मुलांसाठी ४० तासांची मर्यादा ७५ डेसिबलच आहे. अंतर्कर्णातील केशपेशी एकदा नष्ट झाल्या की पुन्हा उगवत नाहीत. सनई-हलगीही अगदी जवळून कर्कश वाटते. परंतु ती थांबते, आणि तिच्यापासून चार पावले दूर जाता येते. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपकांवर बंधन घातले आहे, हेही स्मरणात असावे.

माझे म्हणणे आनंदाविरुद्ध नाही. आपल्या घरच्या पुढील मंगलकार्यात सनई-हलगीला मान द्यावा, दर अर्ध्या तासाने वाद्ये थांबवावीत, त्या विसाव्यात स्वच्छ पाण्याचे पन्हे फिरवावे आणि प्रत्येक लेकराकडे एकदा निरखून पाहावे. ओआरएसची चार पाकिटे मांडवातच असू द्यावीत. एवढीच नम्र विनंती.