‘स्पॅनिश’ गिटार घेण्याआधी तारा बघा. मग रासगेआदो शिका

टोंकखुर्द (जि. देवास) : आपल्याकडे दुकानात ‘स्पॅनिश गिटार’ मागितली की बहुतेक वेळा पोलादी तारांची गिटार हातात पडते. मांडीवर आडवी ठेवून वाजवायच्या हवाईयन गिटारपेक्षा वेगळी ओळखता यावी, एवढाच या नावाचा अर्थ. स्पेनची क्लासिकल आणि फ्लेमेन्को गिटार मात्र नायलॉन तारांची असते. आपल्या भागात मोबाइलवर बघून शिकणाऱ्या पोरांचं इथेच फसतं. हात बरोबर फिरतो, पण नखं झिजतात, तुटतात आणि हवा तो आवाज काही निघत नाही. दोष पोराचा नसतो. उलटा उद्योगही करू नका. क्लासिकल गिटारला पोलादी तारा चढवल्या तर ताण जवळजवळ दुप्पट होतो आणि ब्रिज उखडू शकतो. मग पैसे पाण्यात.

आता हाताकडे येऊ. क्लासिकलमध्ये बोटं तळहाताच्या दिशेने तार छेडतात. छेडून बोट शेजारच्या तारेवर टेकलं तर ‘आपोयांदो’, मोकळं राहिलं तर ‘तिरांदो’. फ्लेमेन्कोच्या ‘रासगेआदो’त बोटं उलट बाहेर फेकायची. कॅरमची टिचकी मारता येते ना? तीच. अंगठा जाड तारेवर टेकवा, मूठ सैल मिटा. करंगळी, अनामिका, मध्यमा, तर्जनी अशी एकेक उघडा, तारांना नखाची पाठ लागू द्या. शेवटी तर्जनी वर ओढा. झाले पाच आघात. अनामिका हमखास मागे पडते, म्हणून वेग विसरा आणि पाचही आघात सारखे ऐकू येईपर्यंत सावकाश करा. बसल्या बसल्या मांडीवरही सराव होतो.

लाकडावर नखाने टकटक करतात, तो ‘गोल्पे’. फ्लेमेन्को गिटारवर त्यासाठी पातळ पट्टी चिकटवलेली असते. क्लासिकलवर नसते, तिथे पॉलिश जाईल.

खरी मेख तालात आहे. सोलेआ या प्रकाराचं आवर्तन 12 मात्रांचं. कुमार गंधर्वांच्या देवासला 12 मात्रांचं कौतुक काय सांगायचं! पण एकतालाच्या टाळ्या 1, 5, 9, 11 वर, तर सोलेआचा जोर 3, 6, 8, 10, 12 वर. तेव्हा मोबाइलवर एकतालाचा ठेका लावून सराव करू नका, जोर चुकीच्या जागी बसेल. साधा मेट्रोनोम लावा, तोंडाने 12 मोजा आणि त्या पाच मात्रांवर आधी नुसती टाळी द्या.